वंशावळीत नसलेल्या बायका

(मुळशी तालुक्यातल्या कार्यकर्त्या मैत्रिणींच्या दोन दिवसांच्या निवासी शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)

मला विषय दिला आहे 'कादंबरी आणि घराणं'. कार्यक्रमपत्रिका पाहून दोघीतिघींनी मला चहाच्या वेळी विचारलंच, "ताई, हा विषय आपल्या शिबिरात कशाला? आपल्याला पोटगीचं, रेशनकार्डाचं, सातबाऱ्याचं बोलायचंय." त्यांचं म्हणणं रास्त आहे. म्हणून सुरुवात सातबाऱ्यापासूनच करते.

आपल्या तालुक्यात जमिनीला सोन्याचा भाव आला, तसा एक कागद घरोघरी दिसायला लागला. वंशावळ. वारसनोंद करायची, जमीन विकायची, तर तलाठ्याकडे वंशावळ द्यावी लागते. मी अशा पुष्कळ वंशावळी पाहिल्या आहेत. वर आजोबा, त्यांच्याखाली त्यांचे मुलगे, मुलग्यांखाली नातू. मुली कधी असतात, कधी गळतात. १९९४ साली महाराष्ट्राने कायदा बदलला आणि २००५ साली केंद्राने. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला जन्माने हक्क मिळाला. त्यानंतर मुलींची नावं कागदावर यायला लागली खरी, पण बहुतेक वेळा हक्कसोडपत्रावर सही घेण्यापुरती. आणि आज्जी? पणजी? तिचं नाव घरात कुणाला विचारलं तर म्हातारी माणसंसुद्धा विचारात पडतात. "आम्ही तिला काकीच म्हणायचो," असं उत्तर येतं.

म्हणजे घराण्याची जी अधिकृत गोष्ट आहे, त्यात बाई नाही. मग तिची गोष्ट गेली कुठे? ती काही प्रमाणात ओव्यांत गेली. आणि जिथे बायकांच्या हातात लेखणी आली, तिथे ती कथा-कादंबऱ्यांत गेली. म्हणून हा विषय आपला आहे.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घेऊ. घोडनदी, म्हणजे शिरूर. तिथे अनंतराव खरे नावाचे शिक्षक होते. त्यांच्या पत्नी इंदिराबाई दुधाचा धंदा चालवत, आणि तो त्यांनी वर्षानुवर्षं नेटाने चालवला. या जोडप्याने आपल्या मुलींना शिकवलं, कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेत ठेवलं. त्यांतली एक बाळूताई. जन्म १९०५चा. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' नावाचा कथासंग्रह निघाला आणि मराठी वाचकांत मोठं वादळ उठलं. शिकलेली, नोकरी करणारी, लग्न लांबलेली मुलगी, तिच्या पगारावर चालणारं घर, तिच्या मनातली आणि शरीरातलीही तगमग, हे सगळं त्यात उघड लिहिलेलं होतं. लेखिकेचं नाव होतं विभावरी शिरूरकर. ही बाई कोण, याचा शोध सुरू झाला. कुणी म्हणे हा पुरुषच असणार, बाई असं लिहीलच कशी?

विभावरी म्हणजे रात्र. शिरूरकर म्हणजे शिरूरची. नाव लपवतानाही बाळूताईंनी आपलं गाव मात्र ठेवलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. त्या तेव्हा शिक्षिका होत्या. खरं नाव बाहेर आलं असतं तर नोकरीवर गदा आली असती. शिवाय, ज्यांच्याबरोबर राहिल्या, शिकल्या, ज्यांना शिकवलं, त्या मैत्रिणींची आयुष्यं त्या कथांच्या मागे होती. टोपणनाव हा नुसता लेखिकेचा बुरखा नव्हता. त्या सगळ्याजणींवर धरलेली ती छत्री होती.

पुढे 'हिंदोळ्यावर' ही कादंबरी आली, १९३४ साली. नवऱ्यापासून दूर झालेली बाई पुन्हा प्रेम करते आणि मूल हवं म्हणते. पुन्हा गदारोळ. लग्नानंतर बाळूताईंच्या मालतीबाई बेडेकर झाल्या. १९३०च्या दशकाच्या अखेरीला त्यांनी सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये काम केलं. इंग्रजांनी ज्यांना 'गुन्हेगार जमाती' ठरवलं, त्या माणसांना तारेच्या कुंपणात ठेवत, ती ही सेटलमेंट. त्या अनुभवातून १९५० साली 'बळी' ही कादंबरी आली. म्हणजे आपल्यासारखंच काम करणाऱ्या बाईने आपल्या कामाच्या ठिकाणचं जग कादंबरीत आणलं.

आणि १९५३ साली त्यांनी 'खरेमास्तर' लिहिली. ही तर सरळसरळ त्यांच्या वडिलांच्या आयुष्यावरची कादंबरी. आडनावही बदललेलं नाही. मुलींना शिकवायचंच असा हट्ट धरणारा बाप. समाजाच्या विरोधात उभा राहणारा बाप. पण मुली शिकल्या, की त्या स्वतःचे निर्णय घेणार. ते निर्णय आपल्याला पटतील असे नसले तर? मुलीला पंख दिले, पण ती कुठे उडणार हे आपणच ठरवू, असं सुधारक बापालाही वाटतंच. ती ओढाताण मुलीने लिहिली. वडिलांची आरती तिने ओवाळली नाही आणि त्यांच्यावर आरोपपत्रही ठेवलं नाही. तिने त्यांना माणूस म्हणून पाहिलं.

इथे थोडं थांबू या. आपल्याकडे बापावर लिहायचं म्हणजे एक तर देव्हाऱ्यात बसवायचं, नाही तर गप्प बसायचं. घरातलं बाहेर काढू नये, हे बाळकडू आपल्या सगळ्यांना पाजलेलं आहे. त्याच घरातल्या दुसऱ्या बहिणीने, कृष्णाबाई मोटे यांनी, 'दृष्टिआडच्या सृष्टीत' या नावाने आपल्या आठवणी लिहिल्या. एकाच घरातल्या दोन बहिणी, एक कादंबरी लिहिते, एक आठवणी. दोघींचं घर एकच असलं तरी दोघींना दिसलेलं घर एकच नसतं. कुटुंबाचा इतिहास कुणा एकाच्या मालकीचा नसतो, हे एवढ्यावरूनही कळतं.

दुसरं घर कर्व्यांचं. महर्षी कर्व्यांचं नाव आपण सगळ्या घेतो. त्यांनी १९१५ साली 'आत्मवृत्त' लिहिलं. पण त्यांच्या पत्नी आनंदीबाई, ज्यांना सगळे बाया म्हणत, त्यांनीही 'माझे पुराण' सांगितलं. ते १९४४ साली प्रसिद्ध झालं. बाया विधवा होत्या, पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकल्या, आणि १८९३ साली त्यांचा कर्व्यांशी पुनर्विवाह झाला. नवरा संस्थेपायी घरातला पैसा ओततो तेव्हा घर कसं चालतं, हे बायांच्या पुराणात कळतं. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचावीत. समाजकार्य करणाऱ्या पुरुषाच्या घराचा हिशेब कोण भागवत होतं, हा प्रश्न आजही आपल्या चळवळीतल्या घरांना विचारायला हवा.

या घरातली सून इरावती कर्वे. जन्म त्यांचाही १९०५चाच. त्यांच्या 'परिपूर्ती' नावाच्या ललित लेखात एक बाई सभेला जाते. तिची ओळख करून दिली जाते ती कुणाची मुलगी, कुणाची सून, कुणाची बायको अशी. तिला वाटतं, यात काही तरी राहिलं. आणि रस्त्यात मुलं बोलताना ऐकू येतं, की ही आपल्या वर्गातल्या अमक्याची आई. मग ओळख पुरी होते. हा लेख काहीजणी मातृत्वाचा गौरव म्हणून वाचतात. मला त्यात बारीक चिमटा दिसतो. एवढी मोठी मानववंशशास्त्रज्ञ, आणि तिच्या स्वतःच्या नावाची गरजच कुणाला पडली नाही!

इरावतीबाईंची मुलगी गौरी देशपांडे. १९८० साली त्यांचं 'एकेक पान गळावया' आलं आणि आमच्या आधीच्या पिढीतल्या कार्यकर्त्या सांगतात, की ते पुस्तक हातोहात फिरत होतं. गौरीबाईंच्या नायिका शिकलेल्या, जग हिंडलेल्या, नवरा-मुलं-मित्र यांच्याशी स्वतःच्या अटींवर नातं जोडू पाहणाऱ्या. लोकांनी लगेच ठरवलं, की ही नायिका म्हणजे गौरीच. त्यांच्या एका कादंबरीचं नाव 'उत्खनन' आहे. उत्खनन म्हणजे जमिनीत गाडलेलं खणून काढणं. इरावतीबाईंनी स्वतः उत्खननांत काम केलं होतं. आईने मातीचे थर खणले, मुलीने नात्यांचे. गौरीबाई २००३ साली गेल्या. त्यांची मुलगी ऊर्मिला देशपांडे इंग्रजीत कादंबऱ्या लिहिते आणि २०२४ साली तिने एका सहलेखकाबरोबर आपल्या आजीचं, इरावतींचं, चरित्र प्रसिद्ध केलं. बाया, इरावती, गौरी, ऊर्मिला. चार पिढ्यांच्या बायका एकाच घराबद्दल, आपापल्या परीने, लिहीत आल्या. तलाठ्याच्या वंशावळीत ही ओळ कधी दिसणार नाही. ती आपल्याला पुस्तकांच्या फळीवर दिसते.

आता पुरुषांनी काय केलं तेही पाहू. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो' ही कादंबरी १८९०पासून 'करमणुकी'त क्रमशः आली. ती यमूची आत्मकथा आहे. म्हणजे पुरुषाने बाईच्या तोंडून लिहिलेली. विधवेचे केस कापण्याचं दुःख त्यांनी ज्या पोटतिडकीने मांडलं, त्याचं मोल मी कमी करणार नाही. पण घराघरांतल्या ज्या यमूंनी त्यांना हे दुःख दाखवलं, त्यांच्यापैकी एकीचंही नाव आपल्याला माहीत नाही.

आणि साने गुरुजी. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिली. आपण सगळ्या त्या पुस्तकावर रडलो आहोत. मीही रडले आहे. पण मोठी झाल्यावर मला प्रश्न पडला. दारिद्र्य सोसणारी, अपमान गिळणारी, मुलाला घडवणारी ती आई रात्री एकटी असताना काय विचार करत असेल? ती कधी चिडली असेल का? तिला नवऱ्याला काही सुनवावंसं वाटलं असेल का? मुलाला आई जशी आठवली तशी त्याने लिहिली, त्यात त्याचा दोष नाही. दोष आपला. आपण मुलाने काढलेलं चित्र हाच आईचा संपूर्ण फोटो समजलो आणि मग तोच फोटो सगळ्या आयांना दाखवत सुटलो.

इथवर मी ज्यांची नावं घेतली, ती बहुतेक ब्राह्मण घरांतली आहेत. हे लपवून चालणार नाही. घराण्याबद्दल लिहायला आधी लिहिता यावं लागतं, आणि घराणं म्हणावं असं काही समाजाने मान्य करावं लागतं. बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं' लिहिलं. ते पुस्तकरूपाने १९८६ साली आलं, पण त्याआधी कित्येक वर्षं ते लिखाण त्यांनी घरच्यांपासून लपवून ठेवलं होतं. फलटणला दुकान सांभाळता सांभाळता ही बाई लिहीत होती. आणि लिहिलं ते 'मी, माझं' असं नाही. 'आमुचं' असं लिहिलं. एका घराण्याऐवजी सगळ्या महारवाड्याची कहाणी. ऊर्मिला पवारांच्या 'आयदान' या २००३ सालच्या आत्मकथनाचं नावच आईच्या कामावरून आलं. आयदान म्हणजे बांबूची विणलेली भांडी-सुपं. आई ती विणून घर चालवायची. आईचं विणणं आणि लेकीचं लिहिणं, यांचं नातं लेखिकेनेच जोडलं आहे. वारसा म्हणजे फक्त जमीनजुमला असं कुणी म्हटलं तर तिला 'आयदान' वाचायला द्या.

ही पुस्तकं कादंबऱ्या नाहीत, आत्मकथनं आहेत. हा फरक लक्षात ठेवा. दलित लेखिकांना पडदा नको होता. 'हे काल्पनिक आहे' असं म्हटलं असतं तर वाचणाऱ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला असता. हे घडलेलं आहे, असं त्यांना ठणकावून सांगायचं होतं. तर कुणाला आडपडदा हवा असतो, कुणाला तो फाडायचा असतो. दोन्ही गोष्टींत धाडस आहे.

आणि आपली मुळशी? शंभर वर्षांपूर्वी धरणासाठी इथल्या मावळातल्या जमिनी गेल्या. १९२१ ते १९२४ सत्याग्रह झाला. सेनापती बापटांचं नाव सगळ्यांना पाठ आहे. त्या सत्याग्रहात बायकाही होत्या. पाण्याखाली गेलेल्या घरांतली जाती, चुली, माजघरं यांची गोष्ट कुठे आहे? त्यावर बाईने लिहिलेली कादंबरी माझ्या हाती अजून आलेली नाही. पण ओव्या आहेत. १९८०च्या दशकात हेमा राईरकर आणि गी पॉयत्वँ यांनी गरीब डोंगरी संघटनेतल्या इथल्याच बायकांबरोबर जात्यावरच्या ओव्या जमवायला सुरुवात केली. पुढे महाराष्ट्रभरातून जमलेल्या ओव्यांची संख्या एक लाखावर गेली. त्या ओव्यांत सीता आहे आणि सीतेच्या आडून स्वतःचा वनवासही आहे. बाप, भाऊ, लेक, सासू, सवत सगळी आहेत. जे उघड बोलता येत नाही, ते पहाटेच्या अंधारात जात्याला सांगायचं. टोपणनाव घेणाऱ्या विभावरीने काय वेगळं केलं? आपल्या आज्ज्या हे पिढ्यान्‌पिढ्या करत होत्या.

आता माझी स्वतःची एक चूक सांगते. सांगायला जड जातंय, पण त्याशिवाय हे भाषण पुरं होणार नाही.

समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेताना आम्हाला केस लिहायला शिकवलं. नाव बदला, गाव गाळा, की गोपनीयता पाळली गेली. कामाला लागल्यावर पहिल्या दोनतीन वर्षांतच मी एका बाईची हकीकत संस्थेच्या छोट्या पुस्तिकेत लिहिली. मारहाण, माहेरी हाकलून देणं, मग तिने स्वतःच्या पायावर उभं राहणं. नाव बदललं, गाव गाळलं. पण तीन मुलींनंतरचा चौथा मुलगा लिहिला, आणि माहेरून आणलेलं पायाचं शिलाई मशीन लिहिलं. लिहिताना ते मला फार छान वाटलं होतं. पुस्तिका फिरत फिरत तिच्या सासरच्या गावात गेली. कुणीतरी ती चार लोकांत मोठ्याने वाचली. त्या रात्री तिला पुन्हा मार बसला. मी भेटायला गेले तेव्हा ती रडली नाही, भांडलीही नाही. एवढंच म्हणाली, "ताई, नाव तेवढं बदललं तुम्ही. मशीन माझंच ठेवलं."

मैत्रिणींनो, त्या वाक्याने मला जे शिकवलं ते दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाने शिकवलं नव्हतं. त्यानंतर मी कादंबऱ्या नव्याने वाचायला लागले. या लेखिका घरातलं, आजूबाजूचं घेतात, तेव्हा नेमकं काय करतात, ते पाहायला लागले. चांगली लेखिका नुसतं नाव बदलत नाही. ती पाच बायकांचं दुःख एकीत ओतते. मशीन एकीचं, मुली दुसरीच्या, सासू तिसरीची. ती वर्षं जाऊ देते. 'बळी' सोलापूरच्या कामानंतर सुमारे दहा वर्षांनी आली, आणि आम्ही मात्र भेटीनंतर आठवड्यात अहवाल देतो! आणि ती स्वतःलाही मोकळं सोडत नाही. कविता महाजन यांच्या 'ब्र' या २००५ सालच्या कादंबरीत सरपंच झालेल्या बायकांच्या कहाण्या आहेत. पण त्या गोळा करणारी कार्यकर्तीही त्यात आहे, आपल्या मोडलेल्या संसारासकट. दुसऱ्यांच्या जखमा उघड्या करायच्या आणि आपण मात्र झाकलेलं राहायचं, हा सोयीचा मार्ग तिने घेतला नाही. माझ्या पुस्तिकेत मी कुठेच नव्हते.

मग आपण लिहायचंच नाही का? अजिबात तसं नाही. न लिहिण्याची किंमत जास्त आहे. गप्प राहिलो तर वंशावळीचा कागदच शेवटचा शब्द ठरेल. पण आपल्या गटांनी काही गोष्टी ठरवाव्यात असं मला वाटतं. जिची गोष्ट आहे तिला छापण्याआधी ती पूर्ण वाचून दाखवायची. वाचता येत नसेल तर दोनदा वाचून दाखवायची. ती "हे काढा" म्हणाली तर काढायचं, कितीही छान वाक्य असलं तरी. ती आज हो म्हणाली आणि उद्या नको म्हणाली, तर नको. तिला स्वतःला लिहायचं असेल, बोलून टेप करायचं असेल, तर आपण बाजूला व्हायचं. आणि ओळखू येण्याचा धोका कुणाला आहे, हे तिच्या नजरेने पाहायचं. शहरात बसून गाव गाळलं की भागतं असं वाटतं. गावात मशीनवरून माणूस ओळखतात.

घरच्या माणसांबद्दल लिहायचं तेव्हा तर प्रश्न आणखी अवघड. माझ्या आईने मला परवाच विचारलं, "तू बायकांचं लिहितेस, माझं काय लिहिणार आहेस?" तिच्या आवाजात धाक होता, की आशा, मला अजून कळलेलं नाही. मी तिला सांगितलं, लिहीन तेव्हा आधी तुला दाखवीन. ती म्हणाली, "मग तू खरं लिहिणारच नाहीस." यावर माझ्याकडे उत्तर नाही. खरं लिहायचं की जपायचं, हा तिढा मालतीबाईंनाही पडला असेल. वडिलांवर लिहिताना त्यांचंही मन कापलं असेल. त्यांनी तो तिढा सोडवला नाही, तो घेऊनच लिहिलं. आपणही तसंच करावं लागेल.

आता बोलणं आवरतं घेते. जेवणानंतर गटचर्चा नाही, एक काम आहे. प्रत्येकीला एक कोरा कागद मिळेल. त्यावर स्वतःची वंशावळ काढायची, पण फक्त बायकांची. खाली आपण, वर आई, तिची आई, तिचीही आई. लग्नाआधीचं नाव येत असेल तर तेही. नाव माहीत नसेल तिथे रेघ सोडा. पुसू नका. घरी गेल्यावर ती रेघ भरायला कुणाला विचारता येईल, ते शेजारी लिहा. घरातली सगळ्यांत म्हातारी बाई अजून असेल, तर उशीर करू नका.

जिला नावाबरोबर एखादी गोष्ट आठवेल, तिने मागच्या पानावर लिहावी. ते पान कुणी मागणार नाही. ते तुमचं आहे.

जिंदाबाद!